पहिल्या लेव्हलचं पात्र किती दणकट असावं? डीएमसाठी सविस्तर मार्गदर्शन

चार खेळाडू, चौघांची पात्रं पहिल्या लेव्हलची आणि समोर एकच ऑर्क, म्हणजे दांडगा राक्षस. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून आपापलं पात्र चालवण्याच्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या हिशोबात ही लढत 'सोपी' धरली जाते. पण त्या ऑर्कच्या हातातली मोठी कुऱ्हाड एका फटक्याला १डी१२+३ (बारा बाजूंचा एक फासा, अधिक ३) डॅमेज करते आणि पार्टीतल्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, असतात जेमतेम ८ एचपी (हिट पॉइंट, किती मार सोसता येतो तो आकडा). चिलखत नाही, आर्मर क्लास (हल्ला लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १२. ऑर्कने त्याच्यावर एक हल्ला केला तर विझार्ड जमिनीवर येण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास आहे. पुस्तकाच्या भाषेत ही सोपी लढत!

विझार्ड असा नाजूक असावा हे त्या टेबलावर कुणी बसून ठरवलेलं नसतं. पुस्तकात आकडे होते, ते शीटवर उतरले, खेळ सुरू झाला. मग पहिल्याच सेशनला कुणाचं तरी पात्र मेलं की डीएम (खेळ चालवणारा आणि शत्रूंची बाजू खेळणारा) गोंधळतो आणि खेळाडू हिरमुसतो. माझं म्हणणं असं, की सुरुवातीचं पात्र किती सोसू शकेल हा निर्णय डीएमने पहिला फासा पडण्याआधीच घ्यायला हवा. त्यासाठी दोन गोष्टी बघायच्या. खेळाडूने पात्रात आधीच किती जीव ओतला आहे, आणि तुमचा खेळ बक्षीस कशाला देतो. बाकी सगळे आकडे या दोन उत्तरांवरून निघतात. ते कसे काढायचे ते आता बघू. उदाहरणं मुख्यतः पाचव्या आवृत्तीची घेतो, कारण नवं टेबल बहुधा तिथूनच सुरू होतं. पण पद्धत कुठल्याही सिस्टिमला चालेल.

आधी फटके मोजा

१२ एचपी पुष्कळ की थोडे? समोरच्याच्या हातात सुरी असेल तर पुष्कळ, कुऱ्हाड असेल तर थोडे. म्हणून एचपीचा नुसता आकडा बाजूला ठेवा आणि आपलं पात्र किती फटके झेलून उभं राहील हे काढा. कागद-पेन्सिल घेतली तर प्रत्येक पात्रामागे दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये तुम्ही जे शत्रू आणणार आहात त्यातला सगळ्यात जोरात मारणारा निवडा. पात्राच्या आर्मर क्लासमधून त्याचा हल्ल्याचा बोनस वजा करा. येईल तो आकडा त्याला डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, किमान पडायला हवा. तो २१ मधून वजा केला की डी२० च्या किती बाजू त्याच्या फायद्याच्या आहेत ते कळतं, आणि दर बाजूला ५ टक्के.

विझार्डचा हिशोब मांडू. आर्मर क्लास १२, ऑर्कचा बोनस ५, म्हणजे किमान ७ पडायला हवेत. २१ वजा ७ म्हणजे १४ बाजू, म्हणजे ७० टक्के वेळा फटका लागतो. लागला की सरासरी साडेनऊ डॅमेज, आणि विझार्डचे एचपी ८. कॉन्स्टिट्यूशन (पात्राच्या काटकपणाचा आकडा) १४ धरून मी ८ म्हणतोय, कमी असेल तर ६ किंवा ७ सुद्धा निघतील. थोडक्यात, विझार्ड एका फटक्याचा धनी.

आता त्याच पार्टीतला फायटर, म्हणजे लढवय्या, घ्या. एचपी १२, चेनमेल (कड्यांचं चिलखत) आणि ढाल धरून आर्मर क्लास १८. ऑर्कला १३ पडायला हवेत, म्हणजे ४० टक्के. लागला तरी सरासरी फटक्याने फायटर पडत नाही. सगळं जमेस धरलं तर एका हल्ल्यात तो पडण्याची शक्यता १६ टक्क्यांच्या जवळपास येते. एचपी फक्त दीडपट, पण फायटर विझार्डच्या तिप्पट सुरक्षित आहे. एचपी वाढवण्याआधी चिलखताकडे बघा, असं मी सांगतो ते यासाठी. सुरुवातीला खेळाडूला एक बरं चिलखत दिलंत, किंवा विझार्डला मेज आर्मर हा संरक्षक मंत्र घ्यायला सुचवलंत, तरी नियमांना हात न लावता चित्र बदलतं. मेज आर्मरने त्याच विझार्डचा आर्मर क्लास १५ होतो आणि ऑर्कचा फटका ७० वरून ५५ टक्क्यांवर येतो.

आता क्रिट, म्हणजे डी२० वर थेट २० पडून बसलेला जबर फटका. दर २० हल्ल्यांमागे सरासरी एकदा ते होणारच, आणि तेव्हा फासे दुप्पट होतात, २डी१२+३. पाचव्या आवृत्तीत शून्याच्या खाली उरलेलं डॅमेज पात्राच्या पूर्ण एचपीइतकं किंवा जास्त असेल तर पात्र तिथल्या तिथे मरतं, डेथ सेव्ह (पडलेल्याने जगण्यासाठी टाकायचे फासे) वगैरे काही नाही. ८ एचपीच्या विझार्डसाठी हा आकडा १६. ऑर्कच्या क्रिटमध्ये १६ किंवा जास्त येण्याची शक्यता ५४ टक्के. म्हणजे ऑर्कच्या दर ३७ हल्ल्यांमागे साधारण एक हल्ला धडधाकट विझार्डला जागच्या जागी संपवतो.

लढतीचं बजेट मांडण्याच्या पद्धतीत हे कुठेच दिसत नाही, कारण तिथे एकूण ताकद मोजली जाते, एका फटक्याचा आकार नाही. पहिल्या लेव्हलला चौघांच्या पार्टीसाठी १०० एक्सपी (शत्रूला हरवून मिळणारे अनुभवाचे गुण) म्हणजे सोपं, २०० मध्यम, ३०० अवघड, ४०० जीवघेणं. ऑर्क एकटा १०० चा. गॉब्लिन हा बुटका राक्षस ५० चा, पण तीन ते सहा शत्रू असले की बेरीज दुप्पट धरायची, म्हणून तीन गॉब्लिन ३०० वर जातात आणि चार गॉब्लिन थेट जीवघेण्यात. तरीही गॉब्लिनचा फटका १डी६+२, क्रिट झालं तरी जास्तीत जास्त १४. त्याने आपला विझार्ड पडेल, पण पूर्ण एचपी असताना एका फटक्यात मरणार नाही. पहिल्या लेव्हलला म्हणूनच मी एक्सपीच्या बेरजेआधी 'सगळ्यात मोठा एक फटका' बघतो. नव्या पार्टीसमोर एक ऑर्क आणण्यापेक्षा दोन गॉब्लिन आणणं केव्हाही बरं.

पडल्यावर काय होतं तेही दणकटपणातच मोजा

एका फटक्यात पडणं आणि एका फटक्यात मरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वेगवेगळे खेळ या ठिकाणी अगदी वेगळे वागतात.

१९८१ च्या बेसिक डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मॅजिक-यूझरला, म्हणजे तेव्हाच्या विझार्डला, एक डी४ एचपी. शून्य झाले की मेला, दुसरी संधी नाही. चिलखताशिवाय त्याला मारायला गॉब्लिनला १० किंवा जास्त पडायला लागतात, म्हणजे ५५ टक्के. लागलेला डी६ चा फटका डी४ एचपीला पुरून उरण्याची शक्यता ७५ टक्के. दोन्ही गुणले की गॉब्लिनच्या प्रत्येक हल्ल्यात मृत्यूची शक्यता ४१ टक्के निघते. पाचव्या आवृत्तीचा विझार्ड ऑर्कसमोर ४८ टक्के वेळा पडतो, पण पडला की डेथ सेव्ह असतात. तीन यश आधी आली की जगला, तीन अपयश आली की गेला. कुणीच मदत केली नाही तरी साधारण ६० टक्के वेळा तो वाचतो, आणि प्रत्यक्षात मदत बहुतेक वेळा होतेच.

तेव्हा तुमच्या सिस्टिममध्ये पडलेल्याला उठवायला काय लागतं आणि ते पार्टीकडे आहे का, हे आधी तपासा. क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारा) असेल आणि त्याच्याकडे हीलिंग वर्ड हा मंत्र असेल तर ६० फुटांवरून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कृतीत, माणूस उभा होतो. क्लेरिक, ड्रुइड, बार्ड या जखमा भरणाऱ्यांपैकी कुणीच नसेल तर ती पार्टी कागदावर दिसते त्यापेक्षा बरीच कच्ची आहे. अशा पार्टीला सुरुवातीच्या सामानातच एक-एक हीलर्स किट द्या. पाच सोन्याच्या नाण्यांची वस्तू, दहा वेळा वापरता येते आणि पडलेल्याला स्थिर करायला फासा टाकावा लागत नाही. हीलिंग पोशन ५० नाण्यांचं असतं आणि २डी४+२ एचपी परत देतं. ते पार्टीत एक असलं तरी पुरे. एवढ्यानेच पहिल्या लेव्हलच्या मृत्यूंची संख्या लक्षात येण्याइतकी उतरते, आणि कुणाला वाटतही नाही की डीएमने नियम सैल केले.

हा नाजूकपणा आला कुठून

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कळला की कुठला आकडा कशाला आहे ते कळतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला तेव्हा त्याच्या मागे 'चेनमेल' हा १९७१ चा युद्धखेळ होता. त्यात साधा सैनिक एका घावात पडायचा आणि हीरो चार सैनिकांच्या बरोबरीचा मानला जायचा. नव्या खेळात सगळी शस्त्रं डी६ डॅमेज करत आणि पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूझरला डी६ एचपी, लढवय्याला डी६+१. म्हणजे एक घाव, एक माणूस. हीरो व्हायला चौथी लेव्हल गाठावी लागे.

पण त्या खेळात लढाई हा मुख्य धंदा नव्हता. बेसिकच्या नियमांत एका सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी मिळे, राक्षसाला मारून मिळणारे एक्सपी त्यापुढे चिल्लर. समोर कुणी आलं की आधी २डी६ टाकून त्याचा मूड ठरे, तो लढेलच असं नाही. लढाई सुरू झाली तरी शत्रूचं मोराल (मनोधैर्य) तपासलं जाई, साथीदार पडायला लागले की गॉब्लिन पळून जात. शिवाय पात्राच्या करिश्म्याप्रमाणे पगारी सोबती घेता येत. ४ एचपीचा माणूस या चौकटीत शहाणपणाने वागला तर जगू शकत होता, आणि खेळाची सगळी मजा त्या शहाणपणातच होती.

पुढे खेळ बदलत गेला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने पहिल्या लेव्हलला हिट डायचा (एचपी ठरवणाऱ्या फाशाचा) पूर्ण आकडा द्यायला सुरुवात केली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर फायटरला १५ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा पूर्ण स्कोअर दिला, म्हणजे पहिल्याच दिवशी तिशीच्या घरात एचपी. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये पुन्हा खाली आली. पण मधल्या काळात एक्सपी खजिन्यावरून राक्षसांवर सरकले होते आणि शत्रूचा मूड, मोराल यांचे फासे बाजूला पडले होते. आता पात्राने लढायचं हे गृहीत आहे. मला यातच खरी अडचण दिसते. एचपी जुन्या खेळासारखे, पण खेळ मात्र नवा.

तुमच्या टेबलाला काय लागू पडतं ते ठरवा

आता निर्णयाकडे. मी स्वतःला विचारतो ते पहिलं आणि सगळ्यात वजनदार म्हणजे, पात्र बनवायला किती वेळ लागला? बेसिकमध्ये ३डी६ सहा वेळा ओळीने टाकले, क्लास (पात्राचा पेशा) निवडला, सामान घेतलं, दहा-पंधरा मिनिटांत पात्र तयार. ते तासाभरात मेलं तर खेळाडू हळहळतो, नवं पात्र घेतो, पुढे जातो. उलट खेळाडूने दोन संध्याकाळी खपून पात्राचं घराणं, हरवलेली बहीण, गुरूशी झालेलं भांडण असं सगळं लिहून आणलं असेल आणि तुम्ही त्या बहिणीभोवती कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, रचलं असेल, तर दुसऱ्या राऊंडला आलेलं क्रिट तुमचंही नुकसान करतं. पात्र बनवायला जितका वेळ, निदान त्याच्या कित्येक पट ते जगायला हवं. माझ्या मते या विषयात पाळायचा एकच नियम निवडायचा झाला तर तो हा.

मग, बक्षीस कशाला? लढून जिंकण्यालाच बक्षीस असेल तर लढण्याइतकी ताकद द्यायला हवी. पळून जाणं, वाटाघाट, फसवणूक, चोरी यांनाही तितकंच मिळत असेल तर पात्र नाजूक ठेवायला हरकत नाही. नाजूक पात्रं आणि 'मारलं तरच एक्सपी' ही जोडी मात्र टाळाच. त्यात खेळाडूने शहाणपण केलं की त्याचे एक्सपी बुडतात.

तुमचं टेबल किती वेळा भरतं हेही बघा. आठवड्याला खेळणाऱ्या गटाला पहिली लेव्हल एखाद-दोन सेशनची. महिन्यातून एकदा जमणाऱ्या नोकरदारांच्या गटात तीच लेव्हल दोन-तीन महिने रेंगाळते, आणि तेवढा काळ जीव मुठीत धरून खेळणं कंटाळवाणं होतं.

आणि खेळाडू नवे आहेत का? नव्या खेळाडूला कुठली लढाई टाळायची हे कळत नसतं, आणि माघार घेता येते हेच त्याला माहीत नसतं. तो कॉम्प्युटर गेममधून आलेला असेल तर जो समोर येईल त्याला मारायचंच, असं धरून चालतो. त्याच्यासाठी थोडं जास्त दणकट पात्र घ्या.

मग आकडे बसवा

उत्तरं मिळाली की तीन वाटांपैकी एक निवडायची असते.

कोवळं पात्र हवं असेल, म्हणजे एका फटक्याचं, तर त्याला साजेसा खेळ निवडा. डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळाची 'फनेल' पद्धत मला यातली सगळ्यात प्रामाणिक वाटते. प्रत्येक खेळाडूला शून्य लेव्हलची दोन ते चार गावकरी माणसं मिळतात, प्रत्येकाला डी४ एचपी, एखादा धंदा आणि त्या धंद्याचं हत्यार. एखादा शेतकरी येतो तो शेतावरचा पिचफोर्क घेऊनच. सगळ्यांना अंधाऱ्या भुयारात सोडायचं आणि जे जिवंत बाहेर येतील तेच पहिल्या लेव्हलला चढतील. इथे कथा आधी लिहून आणायची नसते, ती भुयारातच घडते, त्यामुळे मृत्यूने काही वाया जात नाही. पाचव्या आवृत्तीतही पहिल्या सेशनपुरतं हे करता येतं. प्रत्येकाला दोन साधी गावकरी माणसं द्या आणि वाचलेल्यांतून पात्र निवडू द्या.

कोवळी पात्रं घेतलीत की डीएमवर काही जबाबदाऱ्या येतात आणि त्या टाळता येत नाहीत. धोका आधी दिसला पाहिजे: जळालेली हाडं, ओढत नेल्याच्या खुणा, पुढच्या खोलीतून येणारा आवाज. प्रत्येक ठिकाणी बाहेर पडायची वाट असली पाहिजे. शत्रूंनीही जिवाला जपलं पाहिजे; निम्मे पडले की २डी६ टाका आणि ७ च्या वर आलं तर उरलेले पळाले समजा. आणि प्रत्येक खेळाडूकडे दुसरी शीट तयार हवी. यातलं काहीच करायचं नसेल तर कोवळी पात्रं घेऊ नका.

मधली वाट, दोन-तीन फटक्यांची, बहुतेक टेबलांना मी हीच सुचवतो. कित्येक डीएम यासाठी सरळ तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात करतात. जुन्या खेळाडूंसाठी ते ठीक आहे. नव्यांसाठी नाही, कारण पहिल्याच दिवशी सबक्लास (क्लासची उपशाखा), दुसऱ्या लेव्हलची मंत्रविद्या आणि शीटवरचे दहा चौकोन त्यांच्या अंगावर येतात. ताकद हवी म्हणून गुंतागुंतही घ्यावी लागते. त्याऐवजी पहिल्या लेव्हललाच सगळ्यांना सरसकट ६ एचपी जास्त द्या आणि पुढे ते काढून घेऊ नका.

सहाच का, ते ऑर्ककडे परत जाऊन बघा. विझार्डचे आता १४ एचपी. सरासरी साडेनऊच्या फटक्याला तो उभा राहतो, दुसऱ्याला पडतो. दोन फटक्यांच्या मध्ये त्याची स्वतःची एक पाळी येते, आणि तिथे खेळाडूला काही ठरवता येतं: पळायचं, लपायचं की मंत्र टाकायचा. मला हवी असते ती ही एक पाळी. शिवाय तात्काळ मृत्यूचा आकडा १६ वरून २८ वर जातो, आणि ऑर्कचं क्रिट जास्तीत जास्त २७ चं. म्हणजे पूर्ण एचपी असलेला विझार्ड ऑर्कच्या एका फटक्यात आता मरूच शकत नाही. फायटर १८ वर जातो, पण त्याला तितका फरक पडत नाही, आणि तेच बरोबर आहे. सरसकट बोनस नाजूक पात्राला जास्त उपयोगी पडतो. पाचव्या लेव्हलपर्यंत विझार्डचे एचपी तिशीच्या पुढे गेलेले असतात, तेव्हा हे सहा कुणाच्या लक्षातही येत नाहीत. कॉन्स्टिट्यूशनचा पूर्ण स्कोअर जोडण्याची एक पद्धतही काही टेबलांवर दिसते. पाचव्या आवृत्तीत ती मला जड वाटते. विझार्ड वीसवर जातो आणि ७ एचपीचे गॉब्लिन त्याच्यासमोर खेळणी होतात.

मधल्या वाटेला तयार सिस्टिम हवी असेल तर पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती बघा. तिथे वंशाचे एचपी आणि क्लासचे एचपी वेगवेगळे मिळून बेरीज होते. मानवाचे ८, फायटरचे १०, वर कॉन्स्टिट्यूशन. मानव विझार्डसुद्धा १४ च्या पुढे सुरू होतो.

तिसरी वाट पहिल्या दिवसापासून नायक असलेल्या पात्राची. थर्टीन्थ एज या खेळात क्लासचा आकडा अधिक कॉन्स्टिट्यूशनचा बोनस ही बेरीज पहिल्या लेव्हललाच तिप्पट करतात. विझार्डची (६+२) गुणिले ३ म्हणजे २४. अशी पात्रं खांबावर चढून झुंबराला लटकायला घाबरत नाहीत, आणि तुम्हाला तशीच कथा हवी असेल तर याहून कमी देऊ नका. पण मग शत्रूही त्या मापाचे आणा. पाचव्या आवृत्तीचे गॉब्लिन उचलून इथे टाकलेत तर लढाई नुसती हजेरी घेतल्यासारखी होते.

काही खेळ हा प्रश्न एचपीकडे न बघताच सोडवतात. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये अनुभवाने एचपी फारसे वाढत नाहीत, कौशल्य वाढतं. वीस लढाया बघितलेला योद्धाही मांडीवर नीट घाव बसला की कोसळतो, फक्त तो घाव आता तो अडवू शकतो. १९८६ च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये तुम्ही उंदीर पकडणारे म्हणून सुरुवात करू शकता, अंगात ताकद नाही, पण हाताशी मोजके फेट पॉइंट असतात. एक खर्च केला की मृत्यू टळतो. हा फेट पॉइंट मी कुठल्याही खेळात उसना घ्यायला सांगेन. पात्र नाजूकच राहतं, भीती खरी राहते, फक्त पहिला अपघात माफ होतो. प्रत्येक पात्राला एकच द्या, आणि तो परत मिळणार नाही हे सुरुवातीलाच सांगा.

फासे लपवून सावरू नका

बरेच डीएम वरचा सगळा हिशोब टाळतात आणि पडद्याआड फासे टाकून क्रिटला साधा फटका करून टाकतात. हेतू चांगला असतो. पण खेळाडूंना हे कळतं, आणि एकदा कळलं की पुढची प्रत्येक वाचलेली वेळ त्यांना संशयास्पद वाटते. जिवावर बेतलेल्या प्रसंगातून निसटण्याचा आनंद कायमचा जातो. मी सगळे फासे उघड्यावर टाकतो, आणि सुरुवातीच्या आकड्यांबद्दल इतका आग्रह धरतो तो म्हणूनच. सैल करायचं ते लढाईआधी, सगळ्यांना सांगून करा. 'पहिल्या लेव्हलला शत्रूंच्या क्रिटचे फासे दुप्पट होणार नाहीत' हा नियम उघडपणे ठेवलात तर कुणाचीही तक्रार नसते. तोच निर्णय लढाईच्या मधोमध, गुपचूप घेतलात तर तो खोटेपणा होतो.

पहिल्या सेशनच्या आधी

सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला, हे बोलून घ्या, आणि मोघम नको. 'कॅम्पेन जरा धोकादायक असेल' याचा अर्थ पाच जण पाच प्रकारे घेतात. त्याऐवजी असं काही सांगा: "पहिल्या लेव्हलला तुमचं पात्र ऑर्कचा एक फटका झेलेल, दुसऱ्याला पडेल. पडलेल्याला स्थिर करायला प्रत्येकाकडे किट आहे. मी फासे उघड टाकणार. मेलं तर मेलं, पण एक फेट पॉइंट प्रत्येकाला आहे." एवढं ऐकलं की खेळाडू आपोआप त्या मापाचं पात्र बनवतो. बारा पानांची कथा लिहायची की बारा ओळींची, हे त्याचं त्याला ठरवता येतं. कुणी म्हणालं की मला पात्र मरायलाच नको आहे, तर तेही ऐकून घ्या. हरल्यावर कैद होणं, लुटलं जाणं, मित्र गमावणं असे पर्याय त्या गटासाठी आधीच ठरवून ठेवता येतात.

मग घरी बसून एक खोटी लढाई खेळा. खेळाडूंच्या शीट पुढ्यात घ्या, पहिली लढत मांडा, तीन राऊंड स्वतःच दोन्ही बाजूंनी टाका. हे दोन-तीनदा करा. तीनपैकी दोन वेळा कुणी तरी मरत असेल तर एक शत्रू कमी करा किंवा शत्रूंना पहिल्या राऊंडला ढोसलेले, झोपलेले, बेसावध ठेवा. शत्रूंनी दबा धरून केलेला हल्ला पहिल्या लेव्हलला मी कधीच पहिली लढत म्हणून ठेवत नाही. खेळाडूंची पाळी येण्याआधी पडणारा प्रत्येक फटका दुप्पट महाग असतो. बगबेअर या राक्षसाचंच बघा. त्याचा साधा फटका २डी८+२, म्हणजे सरासरी ११. बेसावध गाठलं तर त्यावर आणखी २डी६. पहिल्या लेव्हलचा कुठलाही फायटर त्या एका फटक्यात आडवा होऊ शकतो.

खेळ सुरू झाल्यावर दोन खुणांवर नजर ठेवा. प्रत्येक झटापटीनंतर पार्टी दार बंद करून विश्रांती घ्यायला बघत असेल तर पात्रं तुमच्या लढतींच्या मानाने कच्ची पडताहेत. उलट कुणीच शत्रूशी बोलत नाही, कुणीच वाट बदलत नाही, सरळ दार फोडून आत घुसतात, तर ती गरजेपेक्षा दणकट झाली आहेत. पहिल्या बाबतीत पात्रांचे आकडे बदलण्याआधी शत्रूंची शस्त्रं बदला, मोठ्या कुऱ्हाडीच्या जागी भाला आला की ऑर्कचा फटका १डी६+३ वर येतो, सरासरी साडेसहा. दुसऱ्या बाबतीत एचपी काढून घेऊ नका, खेळाडूला ते शिक्षेसारखं वाटतं. दुसरी लेव्हल लवकर येऊ द्या आणि शत्रू वाढवा.

एवढं करूनही कुणाचं पात्र मेलं, तर त्या खेळाडूला सेशन संपेपर्यंत नुसतं बसवून ठेवू नका. लगेच पार्टीबरोबरचा एखादा सोबती, सोडवलेला कैदी किंवा वाटाड्या चालवायला द्या. पुढच्या सेशनला नवं पात्र पार्टीच्याच लेव्हलला, त्याच सुरुवातीच्या सामानासह आणि स्वतःच्या नव्या फेट पॉइंटसह येऊ दे. जुन्या पात्राचं काय सामान कुणी घ्यायचं हे खेळाडूंना आपसात ठरवू द्या. आणि नवं पात्र पहिल्या अर्ध्या तासाच्या आत पार्टीला भेटेल अशी जागा आधीच बघून ठेवा.